कूलर करंट मारतो, गूगल मुखपृष्ठ दाखवतं: लिंकमधल्या शब्दांचं एक प्रकरण

नागपूरच्या हिंगणा मार्गावर पत्र्याचे कूलर बनवणारं एक घरगुती वर्कशॉप आहे. काका पत्रा आणि हिशेब पाहतात, एक जुने मिस्त्री मोटर-वाइंडिंग पाहतात आणि सूनबाई संकेतस्थळ पाहतात. त्यांना सगळे ताई म्हणतात, मीही तसंच म्हणतो. नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे त्यांच्या साइटच्या आतल्या गोष्टी येणार आहेत.

साइट पूर्ण मराठीत आहे आणि मजकुराच्या बाबतीत बऱ्याच मोठ्या ब्रँडांपेक्षा सरस आहे. वाळ्याच्या ताट्या किती दिवस टिकतात, बोअरच्या खाऱ्या पाण्यानं हनीकॉम्ब पॅड का बुजतो, टाकीला आतून डांबर कधी मारायचं, पंप पाणी ओढत नसेल तर आधी काय पाहायचं, पत्र्यात करंट उतरला तर काय करायचं, हे सगळं तिथे आहे. मिस्त्री बोलत गेले, ताई लिहीत गेल्या. त्यामुळे वाक्यंही माणसांची आहेत, कॅटलॉगची नाहीत.

काकांची तक्रार एका वाक्याची होती. "लोक फोन करून करून तेच विचारून राहिले भाऊ, अन् आम्ही लिहून ठेवलं ते कोणी वाचूनच नाही राहिलं."

साइट गूगलच्या शोधात नीट दिसावी, हे काम मी दिवाळीनंतर हाती घेतलं. नागपुरात होळी झाली की कूलर माळ्यावरून उतरतो, मग नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) संपेपर्यंत या धंद्यात कोणाला मान वर करायला फुरसत नसते. जूनमध्ये पाऊस लागला, हवेत दमटपणा आला की पाण्याची वाफ होणंच मंदावतं आणि कूलर गार वाऱ्याऐवजी चिकचिक देतो. म्हणजे वर्षाची सगळी कमाई तीन-साडेतीन महिन्यांत. साइटमध्ये बदल करायचे तर गूगलनं ती पानं पुन्हा वाचून घ्यायला हिवाळ्याचा वेळ मिळावा, एवढाच हिशेब होता.

आधी गूगलचं सर्च कन्सोल हे साधन उघडलं. कोणत्या शोधासाठी साइटचं कोणतं पान दाखवलं गेलं, हे तिथे दिसतं. बहुतेक जण फक्त क्लिकचा आलेख पाहून बंद करतात. माझ्या मते त्या साधनातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे एखादा शोध निवडायचा आणि मग 'पानं' या टॅबवर जायचं. आम्ही 'कूलर करंट मारतो' निवडलं. दिसलं मुखपृष्ठ. 'खस की ताटी' निवडलं. मुखपृष्ठ. 'कूलर पंप पाणी ओढत नाही'. पुन्हा मुखपृष्ठ.

मुखपृष्ठावर काय आहे? सरकणारी चित्रं, फोन नंबर आणि काकांचा फोटो. ज्याच्या कूलरला हात लावला की झटका बसतोय तो माणूस हे पाहून दोन सेकंदांत मागे फिरणार, नाही तर सरळ फोन लावणार. काकांचा फोन का वाजत होता याचं निम्मं उत्तर इथेच मिळालं.

लेखांची पानं गूगलच्या सूचीत नव्हती असंही नाही. एकेक तपासली, सगळी होती. शीर्षकं नीट होती, मजकूर भरपूर होता. तरी गूगल त्यांना मागे ठेवून मुखपृष्ठ पुढे करत होतं.

कारण मुखपृष्ठाच्या मजकुरातच सापडलं. तिथे असं वाक्य होतं: "आपला कूलर करंट मारत असल्यास काय करावे हे जाणून घेण्यासाठी येथे क्लिक करा." लिंक होती फक्त शेवटच्या तीन शब्दांवर. पुढचं वाक्य: "वाळ्याच्या ताट्या कशा बदलाव्यात याची संपूर्ण माहिती मिळवण्यासाठी येथे क्लिक करा." मग तिसरं, मग चौथं, सगळ्यांचा साचा एकच. लोक जे शब्द टाइप करत होते ते सगळे मुखपृष्ठावर, लिंकच्या बाहेर, ओळीनं मांडलेले. आणि ज्या पानावर खरं उत्तर आहे त्या पानाकडे बोट दाखवणारे शब्द कोणते, तर 'येथे क्लिक करा'. साइटनं स्वतःच यंत्राला सांगितलं होतं की करंटचा विषय मुखपृष्ठावर आहे, आणि आतल्या सगळ्या पानांचं नाव एकच आहे.

लिंकच्या शब्दांना एवढं वजन का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. 1998 मध्ये सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी स्टॅनफर्डमधून गूगलच्या रचनेवर जो शोधनिबंध लिहिला, त्यात लिंकच्या मजकुराला वेगळी वागणूक दिल्याचं स्पष्ट सांगितलं आहे. बाकीची शोधयंत्रं लिंकचे शब्द ती लिंक ज्या पानावर आहे त्या पानाच्या खात्यात धरत. यांनी ते शब्द लिंक जिथे नेते त्या पानाच्या खात्यातही जमा केले. कारण साधं होतं: एखाद्या पानाचं वर्णन ते पान स्वतः जितकं नीट करत नाही तितकं त्याच्याकडे बोट दाखवणारे इतर लोक करतात. त्या वेळच्या 2 कोटी 40 लाख पानांतून त्यांनी 25 कोटी 90 लाखांहून अधिक लिंकचे मजकूर नोंदवले होते. कल्पना अगदी त्यांचीच होती असंही नाही, वर्ल्ड वाइड वेब वर्म नावाच्या आधीच्या शोधयंत्रानं ती वापरली होती, आणि निबंधात तसा उल्लेखही आहे.

ही गोष्ट किती जोरकस होती हे 2003 मध्ये सगळ्या जगानं पाहिलं. अमेरिकेतल्या लोकांनी ठरवून 'मिझरेबल फेल्युअर' या शब्दांची लिंक अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या व्हाइट हाउसच्या परिचयपानाला दिली. ते शब्द त्या पानावर कुठेच नव्हते, तरी शोधात तेच पान पहिलं येऊ लागलं. गूगलनं यावर सर्वसाधारण उपाय केला तो जानेवारी 2007 मध्ये. आज गूगल लिंकच्या आजूबाजूचं वाक्यही पाहतं, पानाचा मजकूरही पूर्वीपेक्षा कितीतरी चांगला समजतं. त्यामुळे लिंकचे शब्द बदलले की चमत्कार होतो, असं कोणी सांगत असेल तर त्याच्या हातात पावतीपुस्तक आहे का ते आधी पाहावं.

पावतीपुस्तकाची गोष्ट खरंच घडली होती. ताईंकडे आधी एक एजन्सी येऊन गेली होती. त्यांचा प्रस्ताव असा की शेकडो साइटवर लिंका लावून देऊ आणि प्रत्येक लिंकमध्ये 'बेस्ट कूलर नागपूर' हेच शब्द असतील. काकांनी पैसे जास्त वाटले म्हणून नाही म्हटलं, आणि ते बरंच झालं. 24 एप्रिल 2012 रोजी गूगलनं पेंग्विन नावाचा बदल आणला तो नेमका असल्या विकतच्या, एकसारख्या शब्दांच्या लिंकांवर, आणि 2016 मध्ये तो मुख्य प्रणालीचाच भाग झाला. माणसं आपणहून लिंक देतात तेव्हा प्रत्येक जण वेगळे शब्द वापरतो. हजार ठिकाणी तेच तीन शब्द दिसले की त्यामागे एकच हात आहे हे यंत्रालाही कळतं. पैसे देऊन घेतलेल्या लिंकेवर 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' अशी खूण (ही लिंक क्रमासाठी धरू नका, असं गूगलला सांगणारी) हवी, हा गूगलचा नियम आहे, आणि ती खूण लावली की एजन्सी जे विकत होती ते विकण्यासारखं राहतच नाही.

आम्ही बाहेरच्या लिंकांच्या वाटेला गेलो नाही. हातात होत्या त्या साइटच्या स्वतःच्या लिंका.

त्यांचे चार प्रकार निघाले. पहिला 'येथे क्लिक करा'चा, तो सांगून झाला. दुसरा 'अधिक वाचा'चा. प्रत्येक चौकटीत छान शीर्षक, पण लिंक शीर्षकावर नाही, खालच्या 'अधिक वाचा' वर. इथे काम सोपं होतं, लिंक उचलून शीर्षकावर ठेवली. तिसरा प्रकार मराठी साइटवर फार दिसतो. कोणा डिझायनरनं कोरल ड्रॉमध्ये झोकदार अक्षरांत 'ताट्या व पॅड', 'मोटर', 'टाकी' अशी बटणं बनवून चित्र म्हणून टाकली होती. माणसाला अक्षरं दिसतात, यंत्राला फक्त चित्र. चित्राची लिंक असेल तर गूगल त्याचा ऑल्ट मजकूर, म्हणजे कोडमध्ये दिलेलं चित्राचं वर्णन, लिंकचे शब्द म्हणून धरतं, आणि इथे सगळे ऑल्ट रिकामे. ती बटणं साध्या अक्षरांत बदलली. ताईंना जुनं रूप आवडत होतं, थोडी कुरकुर झाली. चौथा प्रकार म्हणजे लिंक नसलेल्या लिंका. दिसायला बटण, दाबलं की पान उघडतं, पण आत लिंकची खरी खूण (अँकर टॅग) नाही, पानाचा पत्ता (एचरेफ) नाही, नुसता जावास्क्रिप्टचा कोड. अशा बटणामागे गूगल जाईलच याचा भरवसा नाही. थीम बनवणाऱ्यानं हे असं का केलं असेल, देव जाणे.

खरी मेहनत पहिल्या प्रकारात होती. 'येथे क्लिक करा' काढून तिथे काय लिहायचं?

मी ताईंना एकच सांगितलं: बाकीचं वाक्य हातानं झाका आणि फक्त लिंक वाचा, आत काय मिळणार ते कळलं पाहिजे. गूगलच्या मार्गदर्शनातही साधारण हाच निकष दिला आहे, लिंकचे शब्द संदर्भाशिवाय वाचून पाहा असा. त्या कसोटीवर 'येथे' नापास, 'माहिती' नापास, 'आमची सेवा' नापास. आणि अख्खं वाक्य लिंक केलं तरी नापासच, कारण निळ्या रेघेखाली दोन ओळी आल्या की त्यात नेमकं काय महत्त्वाचं ते हरवतं.

करंटचं वाक्य असं झालं: "पिन काढल्याशिवाय टाकीत हात घालू नका. कूलर करंट मारत असेल तर काय तपासावे, ते मिस्त्रींनी क्रमानं सांगितलं आहे." लिंक 'कूलर करंट मारत असेल तर काय तपासावे' एवढ्यावर. हे पान मला सगळ्यात महत्त्वाचं वाटत होतं. पत्र्याची बॉडी, खाली पाणी, ओली फरशी, सुटलेली अर्थिंग, आणि घाईघाईत चालू कूलरमध्ये पाणी ओतणारी माणसं. दर उन्हाळ्यात अशा अपघातांच्या बातम्या येतात. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) घरात असावा, तीन पिनांचा प्लग दोन पिनांत कोंबू नये, या त्या पानावरच्या दोन ओळी कूलर विकण्याहून मोलाच्या आहेत, आणि त्या 'येथे'खाली पडून होत्या.

मराठीत एक अडचण इंग्रजीपेक्षा जास्त येते. नामाला प्रत्यय लागला की त्याचं रूपच बदलतं. 'ताटी' शोधणाऱ्याला 'ताट्यांबद्दलची' ही लिंक यंत्र जोडून देईल का, यावर मी विसंबलो नाही. शक्य तिथे वाक्य असं फिरवलं की लिंकमध्ये शब्द मूळ रूपात यावा: 'वाळ्याची ताटी: कधी बदलावी, कशी बांधावी'. पण ओढूनताणून नाही. 'ताट्या बदलण्याची पद्धत' हे कानाला नैसर्गिक असेल तर तेच राहू दिलं. शेवटी वाचणारा नागपूरचा माणूस आहे, व्याकरण तपासणारा नाही. याच न्यायानं 'वूड वूल'च्या पानाकडे जाणाऱ्या लिंकमध्ये 'कूलरचं गवत' हे शब्द घेतले, कारण दुकानात येणारं गिऱ्हाईक गवतच मागतं. आणि सगळ्या ठिकाणी एकच शब्दरचना ठेवली नाही. मुखपृष्ठावरून जाताना 'पंप चालू पण पाणी चढत नाही', टाकीच्या पानावरून जाताना 'पंपाची जाळी साफ करणे'. दोन्ही एकाच पानाकडे, पण वाचणारा जिथून येतोय तिथला प्रश्न धरून.

मग एक अशी गोष्ट झाली जी मला अपेक्षित नव्हती. मोटर वाइंडिंगवर दोन पानं होती. दोघांसाठी वेगळे लिंक-शब्द लिहायला ताई बसल्या आणि अडकल्या. दोन्हींना तेच नाव सुचत होतं. उघडून पाहिलं तर दोन्हींत तीच माहिती, दोन वेगळ्या वर्षी लिहिलेली. ती एकत्र केली आणि जुन्या पत्त्यावरून नव्याकडे 301 वळण (पत्ता कायमचा बदलल्याची सूचना) दिलं. 'आमची गुणवत्ता' नावाच्या पानाला तर नावच देता येईना, कारण आत काहीच नव्हतं. ते काढून टाकलं. काका म्हणाले, "बरं झालं, ते मलेही समजत नव्हतं." 'येथे क्लिक करा' असताना अशी पोकळ पानं वर्षानुवर्षं लपून राहतात.

आणखी एक तपासणी केली जी शोधयंत्राशी थेट संबंधित नाही, पण मी ती कधी सोडत नाही. संगणकावर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावला आणि के हे अक्षर दाबत गेलो. ते दाबलं की स्क्रीन रीडर एका लिंकवरून पुढच्या लिंकवर उडी मारतो. जुन्या मुखपृष्ठाची प्रत उघडली तर आवाज म्हणत राहिला, "येथे क्लिक करा, लिंक. येथे क्लिक करा, लिंक." ताईंना तिथेच हसू आलं आणि मग त्या गप्प झाल्या. दृष्टिहीन माणूस पान असंच चाळतो, नाही तर इन्सर्ट आणि एफ सात दाबून लिंकांची यादी काढतो. त्या यादीत सारख्याच ओळी दिसल्या तर त्याला ते पान बंद केल्यासारखंच. वेब सुगमतेच्या डब्ल्यूसीएजी नियमांत 2008 पासून 2.4.4 हे कलम आहे, लिंकचा हेतू तिच्या शब्दांतून किंवा संदर्भातून कळावा म्हणून, आणि ते 'ए' या सगळ्यात खालच्या, म्हणजे किमान पातळीवर आहे. नुसत्या शब्दांतूनच कळावा ही कडक अट 2.4.9 मध्ये, तिसऱ्या पातळीवर. आमच्या नव्या लिंका दुसऱ्या अटीतही बसतात. शोधात काही फरक पडला नसता तरी मी हे काम वाया गेलं म्हटलं नसतं.

मोजायचं कसं, हा प्रश्न मात्र अवघड होता. कूलरच्या धंद्यात मार्च ते मे क्लिक वाढणारच. जानेवारीशी मेची तुलना करून 'बघा किती वाढलं' म्हणणं म्हणजे ऊन तापल्याचं श्रेय स्वतः घेणं. मागच्या उन्हाळ्याशी तुलना केली तरी ऊन सारखं नसतं. म्हणून आम्ही क्लिक बाजूला ठेवले आणि एकच पाहायचं ठरवलं: ठरावीक शोधांसाठी कोणतं पान दिसतं. त्यात उन्हाचा हस्तक्षेप कमी. शिवाय वर सांगितलेली मोटर वाइंडिंगची आणि 'आमची गुणवत्ता'ची पानं सोडली तर शीर्षकं, लेखांचा मजकूर, पत्ते यांना हात लावला नाही. आणि एक विभाग मुद्दाम जसाच्या तसा ठेवला: मंगल कार्यालयांसाठीचे मोठे, दुहेरी पंख्यांचे कूलर. तिथल्या लिंका तशाच 'येथे क्लिक करा'.

ताईंना हे पटायला वेळ लागला. "मग त्या पानांचं नुकसान नाही का होऊन राहिलं?" प्रश्न रास्त होता. पण एका विभागाचा एक हंगाम गेला तर परवडतं, आणि त्याशिवाय फरक लिंकांमुळे पडला की गूगलच्या एखाद्या बदलामुळे, हे कधीच कळलं नसतं.

होळीच्या सुमारास चित्र बदलायला लागलं. करंटच्या शोधासाठी करंटचं पान दिसू लागलं, मुखपृष्ठ मागे सरकलं. ताट्यांचंही तसंच, तिथे बदल सगळ्यात स्वच्छ होता. पंपाच्या शोधांत काही दिवस दोन्ही पानं आलटूनपालटून येत राहिली, मग पंपाचं पान टिकलं. मंगल कार्यालयाच्या शोधांसाठी मात्र हंगामभर मुखपृष्ठच येत राहिलं. एका साइटवरून सिद्धांत मांडता येत नाही, पण एवढा फरक माझ्यासाठी पुरेसा होता. क्रमांकाच्या बाबतीत मात्र फार मोठी उडी दिसली नाही. योग्य पान दिसायला लागलं, एवढाच नेमका परिणाम, आणि मला विचाराल तर लिंकच्या शब्दांकडून तेवढीच अपेक्षा ठेवावी.

फोन कमी झाले का? नाही. ते बदलले. आधी लोक विचारायचे, "कूलर करंट मारून राहिला, काय करू?" आता विचारतात, "तुमच्या साइटवर सांगितलं तसं पाहिलं, अर्थिंग ठीक आहे, मग मोटर उघडू का?" मिस्त्रींना हे फोन आवडतात.

जिथे काहीच झालं नाही ती जागाही सांगायला हवी. 'कूलर दुरुस्ती नागपूर' या शोधात सगळ्यात वर गूगल नकाशातली दुकानं येतात. तिथला क्रम गूगल स्वतः सांगतं त्याप्रमाणे सुसंगती, अंतर आणि दुकानाची ओळख यांवर ठरतो. धरमपेठेत बसून शोधणाऱ्याला हिंगणा मार्गावरचं वर्कशॉप लांबच पडणार. साइटमधल्या लिंका कितीही घासल्या तरी ते अंतर कमी होत नाही. तिथे बिझनेस प्रोफाइलवरची वेळ, फोटो आणि अभिप्राय यांचं काम वेगळं करावं लागलं, ते या प्रकरणात धरलेलं नाही.

वर्धा आणि भंडाऱ्याच्या दोन विक्रेत्यांच्या साइटवरून या साइटला लिंक आहे, तीही 'इथे पाहा' अशीच. शब्द आपण लिहून पाठवू का, असं ताईंनी विचारलं. मी नको म्हटलं. कोणत्या पानाला लिंक द्यावी हे जरूर सुचवा, म्हणजे ताट्या विकणाऱ्यानं ताट्यांचं पान द्यावं, पण शब्द त्यांचे त्यांना लिहू द्या. एकानं लिंक बदलली, दुसऱ्यानं अजून उत्तर दिलेलं नाही.

मंगल कार्यालयाचा विभाग पावसाळा लागल्यावर बदलायला घेतला. मोठ्या कूलरच्या चौकशा तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात, तोवर गूगलनं ती पानं वाचून झालेली असावीत असा अंदाज आहे. ताईंनी पहिली लिंक स्वतःच लिहून पाठवली आहे: 'पाचशे पानांच्या पंगतीला किती कूलर लागतात'. असं पान साइटवर नव्हतंच. आता मिस्त्रींना बसवून ते लिहून घेणं चालू आहे.